गेटवेचा लेखी कारभार

कार्यालयातील फोन उचलून बाहेरचा क्रमांक लावला, की तो कॉल कोणत्या लाइनने, कोणत्या कंपनीमार्फत आणि कोणत्या दराने जाईल, हे आता बहुतेक ठिकाणी एका साध्या मजकुराच्या फाइलवरून ठरते. काही शे ओळींची ही फाइल व्हॉइस गेटवे नावाच्या यंत्रात असते, ती वाचण्यासाठी खास सॉफ्टवेअर लागत नाही, आणि तरीही ज्या संस्थेचे सारे दूरध्वनी तिच्यावर चालतात त्या संस्थेत ती पाहिलेला माणूस बहुधा सापडत नाही. यंत्राच्या खरेदीची, हमीची आणि वार्षिक देखभाल कराराची कागदपत्रे लेखा विभागात नीट लावलेली असतात. पण यंत्र जिच्यामुळे उपयोगी पडते ती फाइल कुठे आहे, किती जुनी आहे आणि तिच्यात शेवटचा बदल कोणी व कशासाठी केला, याची नोंद क्वचितच आढळते. गेटवे जळाला तर बाजारातून दुसरा आणता येतो, फाइल मात्र बाजारात मिळत नाही, कारण तिच्यात त्या एकाच संस्थेच्या अनेक वर्षांच्या सवयी, अडचणी आणि तडजोडी उतरलेल्या असतात.

इंटरनेट प्रोटोकॉलच्या जाळ्यावरून आवाज वाहून नेण्याच्या तंत्राला व्हीओआयपी म्हणतात. बोलणाऱ्याच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, प्रत्येक नमुना ८ बिटांत मांडला जातो आणि असा तयार झालेला ६४ किलोबिटांचा प्रवाह सामान्यतः २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटांत, विभागून पाठवला जातो. जी.७११ या नावाने ओळखली जाणारी ही मांडणी मुळात टेलिफोन एक्सचेंजांचीच असून तिच्या दोन प्रकारांपैकी ए-लॉ हा भारतात व युरोपात, तर म्यू-लॉ हा अमेरिकेत व जपानमध्ये चालतो. गेटवेच्या एका बाजूला कार्यालयातील लॅन असते आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन कंपनीची तांब्याची जोडी किंवा पीआरआय लाइन. भारतात पीआरआय ई-वन या २.०४८ मेगाबिटांच्या दुव्यावर दिली जाते आणि त्यातील ३२ कालखंडांपैकी एक समक्रमणासाठी, एक संकेतांच्या देवाणघेवाणीसाठी वगळल्यावर उरलेल्या ३० खंडांवर एका वेळी तीस संभाषणे चालू शकतात. कॉल जुळवण्याचे आणि तोडण्याचे नियम ठरवणाऱ्या एच.३२३, एमजीसीपी, एसआयपी अशा संहिता १९९६ पासून एकामागून एक आल्या, आणि त्यांपैकी २००२ मध्ये आजच्या रूपात प्रमाणित झालेली एसआयपी आता सर्वत्र रुळली आहे.

गेटवेच्या फाइलमध्ये काय असते, हे समजण्यासाठी सिस्को कंपनीच्या राउटरवर चालणारा गेटवे पाहणे सोयीचे आहे, कारण भारतातील बँका, महाविद्यालये आणि कॉल सेंटरे यांत तो दीर्घकाळ वापरात आहे. यंत्राचे नाव, त्याचे आयपी पत्ते आणि पासवर्ड यांच्या ओळी संपल्या की व्हॉइस पोर्टांचा भाग लागतो, म्हणजे प्रत्यक्ष तारा जेथे जोडल्या जातात त्या खाचांचे वर्णन. तेथील ‘सीपीटोन आयएन’ ही एक ओळ पाहण्यासारखी आहे. डायल टोन, रिंग, एंगेज असे जे सूर टेलिफोनवर ऐकू येतात ते देशागणिक निराळे असतात. अमेरिकेतील एंगेज टोन ४८० व ६२० हर्ट्झच्या दोन सुरांचा मिळून होतो, तर भारतातील ४०० हर्ट्झच्या एकाच सुराचा असतो. सिस्कोच्या गेटवेला वेगळे सांगितले नाही तर तो अमेरिकेतच आहे असे धरून चालतो. पलीकडच्या माणसाने फोन ठेवल्यावर साध्या तांब्याच्या जोडीवर अनेकदा एंगेज टोन एवढीच खूण येते, ती ओळखता आली नाही तर गेटवेच्या लेखी संभाषण चालूच राहते आणि लाइन अडकून पडते. सकाळी दहाला चांगल्या चालणाऱ्या चार लाइनी दुपारपर्यंत एकेक करून ‘बिझी’ होतात, यंत्र बंद करून चालू केले की पुन्हा मोकळ्या होतात आणि दोष टेलिफोन कंपनीच्या माथी मारला जातो, या नेहमीच्या तक्रारीमागे कित्येकदा देशाच्या नावाची दोन अक्षरे लिहायची राहिलेली असतात.

त्यानंतर येतो फाइलचा गाभा, म्हणजे डायल प्लॅन. कोणता क्रमांक कोणत्या वाटेने पाठवायचा हे सांगणाऱ्या प्रत्येक नियमाला सिस्कोच्या परिभाषेत डायल-पीअर म्हणतात. त्यात क्रमांकाचा एक नमुना आणि त्या नमुन्यात बसणारा कॉल जेथे न्यायचा तो पोर्ट किंवा आयपी पत्ता असतो. नमुन्यातील टिंब म्हणजे कोणताही एक अंक, चौकटी कंसातील ‘६ ते ९’ म्हणजे त्यांपैकी एक अंक, आणि शेवटचे ‘टी’ म्हणजे अंक किती येतील ते ठाऊक नाही, थांबून पाहा, अशी सूचना. हे थांबणे ठरीव रीतीने दहा सेकंदांचे असल्याने आयएसडी क्रमांक लावल्यावर बराच वेळ शांतता पसरते आणि लावणाऱ्याला लाइन मेली असे वाटते. एकच क्रमांक दोन नमुन्यांत बसत असेल, तर अधिक नेमका नमुना जिंकतो.

या नियमांत एक बारकावा असा आहे, की त्याने महाराष्ट्रासह देशभरातील अनेक कार्यालयांना २०२१ च्या जानेवारीत गोंधळात टाकण्याची पूर्ण तयारी ठेवली होती. तारेकडे जाणाऱ्या डायल-पीअरमध्ये नमुन्याच्या सुरुवातीचे जे अंक स्पष्ट लिहिलेले असतात ते गेटवे आपण होऊन गाळतो आणि टिंबांच्या किंवा कंसांच्या जागी आलेले अंकच एक्सचेंजकडे पाठवतो. भारतीय कार्यालयांत बाहेरची लाइन घेण्यासाठी आधी शून्य दाबण्याची पद्धत जुनी आहे, त्यामुळे ‘शून्य, मग ६ ते ९ पैकी एक, मग नऊ टिंबे’ हा नमुना मोबाइलसाठी लिहिला की बाहेरच्या लाइनीचे शून्य आपोआप गळून दहा अंकी क्रमांक पुढे जात असे, आणि आपल्याच सर्कलमधल्या मोबाइलसाठी एक्सचेंजला तेवढेच हवे असे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मे २०२० मध्ये केलेल्या शिफारशीवरून १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावलेल्या प्रत्येक कॉलच्या आधी शून्य लावणे सक्तीचे झाले; मोबाइलसाठी सुमारे अडीचशे कोटी नवे क्रमांक मोकळे व्हावेत, हा त्यामागचा हेतू होता. सामान्य ग्राहकाला एक जादा अंक दाबावा लागला, एवढाच त्याचा अर्थ. गेटवेच्या मागे बसलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र विचित्र स्थिती होती: तो शून्य दाबतच होता, ते फोनच्या पडद्यावर दिसतही होते, आणि तरीही एक्सचेंज शून्य लावण्याची सूचना ऐकवत होते, कारण ते शून्य वाटेतच गाळले गेले होते. उपाय एका ओळीचा होता, ‘प्रीफिक्स ०’; म्हणजे गाळलेल्या शून्याच्या जागी दुसरे शून्य जोडून क्रमांक पुढे पाठवा. ही ओळ एका गेटवेवर लिहायला अर्धे मिनिट लागते. पन्नास शाखांच्या संस्थेत मात्र आधी पन्नास गेटवे कोणते, त्यांतील कोणात नमुना कसा लिहिला आहे आणि त्यांचे पासवर्ड कोणाकडे आहेत, हे शोधावे लागते, आणि बदलाचा खरा वेळ तेथे जातो.

एका शाखेची फाइल दुसऱ्या शाखेत उचलून नेण्याची सवयही अशीच महागात पडते. बाहेरच्या लाइनीसाठी शून्य दाबावे लागणाऱ्या कार्यालयात ११२ हा आणीबाणीचा क्रमांक शून्यासहित आणि शून्याविना अशा दोन्ही रीतींनी लागावा, म्हणून ‘११२’ आणि ‘०११२’ असे दोन नमुने लिहिणे शहाणपणाचे असते. हीच फाइल, जेथे बाहेरच्या लाइनीसाठी काहीच दाबावे लागत नाही अशा शाखेत चढवली, की तेथून दिल्लीच्या लँडलाइनला लावलेले कॉल चुकतात, कारण दिल्लीचा एसटीडी कोड ०११ असून तेथील कित्येक क्रमांक २ ने सुरू होतात आणि पहिले चार अंक पडताच नमुना पूर्ण भरल्याने गेटवे पुढच्या अंकांची वाट न पाहता कॉल आणीबाणीच्या वाटेला लावतो. पणजीचा कोड ०८३२ असल्याने गोव्याच्या बाबतीतही असाच घोटाळा होऊ शकतो: मोबाइलचे कॉल वेगळ्या लाइनीने नेण्यासाठी लिहिलेल्या ‘०८ आणि नऊ टिंबे’ या नमुन्यात पणजीचा लँडलाइन क्रमांकही अंकांच्या संख्येने चपखल बसतो, आणि ‘०८३२२’ ने सुरू होणारा अधिक नेमका नमुना वेगळा लिहिल्याशिवाय तो योग्य वाटेला लागत नाही.

आणीबाणीच्या क्रमांकाचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, याचे उदाहरण अमेरिकेतील आहे. डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सास राज्यातील मार्शल येथील एका हॉटेलच्या खोलीत एका महिलेवर प्राणघातक हल्ला झाला, तेव्हा तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने ९११ हा क्रमांक चार वेळा लावला. परंतु त्या हॉटेलातून बाहेरची लाइन मिळण्यासाठी आधी ९ दाबावा लागत असल्याने एकही कॉल लागला नाही आणि ती महिला वाचली नाही. त्या महिलेच्या नावाने ओळखला जाणारा ‘कॅरीज लॉ’ २०१८ मध्ये मंजूर झाला, आणि फेब्रुवारी २०२० पासून तेथील नव्या बहु-लाइन टेलिफोन यंत्रणांत कोणताही अंक आधी न दाबता ९११ लागलाच पाहिजे, असे बंधन आले. संसदीय चर्चा, दोन्ही सभागृहांचे मतदान आणि अध्यक्षांची स्वाक्षरी हे सारे अखेरीस डायल प्लॅनमधील एका नमुन्यासाठी झाले.

फाइलमध्ये काय लिहिले आहे, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे कोणती फाइल खरी धरायची. सिस्कोच्या यंत्रात एका वेळी दोन प्रती असतात: चालू स्मृतीत असलेली ‘रनिंग कॉन्फिग’, जिच्याप्रमाणे यंत्र त्या क्षणी वागत असते, आणि वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत असलेली ‘स्टार्टअप कॉन्फिग’, जी यंत्र पुन्हा सुरू होताना वाचली जाते. फळ्यावर लिहिलेले आणि वहीत उतरवलेले यांत जो फरक, तोच या दोहोंत आहे. अभियंत्याने दिलेली आज्ञा लगेच रनिंग कॉन्फिगमध्ये लागू होते, काम झालेले दिसते, तो निघून जातो; आणि ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही शेवटची आज्ञा राहून गेली असेल, तर तीन महिन्यांनी यूपीएस बंद पडून यंत्र पुन्हा सुरू होते तेव्हा तो बदल नाहीसा झालेला असतो आणि तो कधी झाला होता हेही कोणाला आठवत नाही.

अ‍ॅस्टेरिस्क या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या गेटवेची तऱ्हा याच्या नेमकी उलट आहे. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेले हे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते, त्याच्या फाइली एका ठरावीक फोल्डरमध्ये असतात आणि त्या कोणत्याही मजकूर-संपादकात उघडून बदलता येतात. परंतु बदल केल्यावर ‘रीलोड’ची आज्ञा दिल्याखेरीज चालू यंत्रणेला त्याची वार्ताही लागत नाही. येथे धोका विसरलेल्या बदलाचा नसून अर्धवट सोडलेल्या बदलाचा असतो. कोणीतरी प्रयोग म्हणून चार ओळी बदलून ठेवतो, रीलोड करीत नाही, यंत्रणा जुन्याच नियमांवर सुखेनैव चालू राहते आणि पुढे कधीतरी भलत्याच कारणासाठी यंत्र पुन्हा सुरू केले जाते तेव्हा तो प्रयोग जिवंत होतो. त्या दिवशी ज्याने यंत्र सुरू केले त्याला बोल लागतो. दोन्ही तऱ्हांवर इलाज एकच, तो म्हणजे चालू रचना आणि साठवलेली रचना जुळतात की नाही हे रोज यंत्राकडूनच तपासून घेणे. माणसाच्या आठवणीवर ते काम सोडू नये.

यंत्रात जुनी प्रत परत चढवताना आणखी एक फसगत होते. बाहेर ठेवलेली फाइल सिस्कोच्या रनिंग कॉन्फिगवर ‘कॉपी’ केली की ती जुन्याची जागा घेत नाही, जुन्यात मिसळते; म्हणजे नव्या फाइलमध्ये ज्यांचा उल्लेखच नाही अशा ओळी जशाच्या तशा राहतात आणि कागदावर केव्हाच रद्द झालेला डायल-पीअर यंत्रात कॉल पळवीत राहतो. संपूर्ण अदलाबदल हवी असेल तर ‘कॉन्फिगर रिप्लेस’ ही वेगळी आज्ञा वापरावी लागते. ती दोन्ही प्रतींतील फरक काढते आणि तेवढ्याच ओळी बदलते. दूरच्या गावातील गेटवेवर काम करताना आपल्याच हाताने आपला रस्ता तोडण्याचा धोका असतो, म्हणून जुने जाणते अभियंते आधी ‘रीलोड इन १०’ अशी आज्ञा देऊन ठेवतात: संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी यंत्र आपोआप पुन्हा सुरू होऊन साठवलेली प्रत वाचते, आणि सारे सुरळीत असेल तर तो बेत रद्द करून मगच बदल साठवला जातो. ही युक्ती पुढे प्रमाणित संहितेतही आली. नेटकॉन्फ या आधुनिक व्यवस्थापन-संहितेत ठरावीक मुदतीत, सामान्यतः ६०० सेकंदांत, पुष्टी मिळाली नाही तर बदल मागे घेण्याची सोय आहे.

चुकीच्या नोंदीची व्याप्ती किती असू शकते, हे ४ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत लेव्हल थ्री या कंपनीच्या जाळ्यावर दिसून आले. संशयास्पद कॉल अडवण्यासाठी व्यवस्थापन-सॉफ्टवेअरमध्ये नोंद करीत असता तंत्रज्ञाकडून दूरध्वनी क्रमांकाचा रकाना रिकामा राहिला, आणि रिकामा रकाना म्हणजे एकही क्रमांक नाही असे न मानता सॉफ्टवेअरने तो सर्व क्रमांकांना लागू धरला. संघीय दळणवळण आयोगाच्या अहवालानुसार ८४ मिनिटे चाललेल्या त्या बिघाडात सुमारे ११ कोटी १० लाख कॉल अडले. तंत्रज्ञाला दोष देऊन हा प्रश्न मिटत नाही. रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘सर्व’ असा लावणारे आणि त्यावर काहीही न विचारणारे सॉफ्टवेअर ज्याने मान्य केले, त्याची जबाबदारी अधिक मोठी आहे.

जतनाच्या साधनांची उणीव नाही. सिस्कोच्या यंत्रात ‘आर्काइव्ह’ ही सोय असून ती प्रत्येक वेळी साठवताना एक क्रमांकित प्रत बाजूला काढते. रॅन्सिड हे जुने आणि ऑक्सिडाइज्ड हे त्यानंतरचे, अशी दोन मोफत साधने ठरलेल्या वेळी प्रत्येक यंत्रात शिरून त्याची फाइल आणतात, आदल्या प्रतीशी ताडून पाहतात आणि बदललेल्या ओळी ईमेलने कळवतात. या प्रती गिट या आवृत्ती-नोंदणीच्या साधनात ठेवल्या, की कोणती ओळ कोणत्या तारखेला आली हे वर्षानंतरही सांगता येते. ओळ का आली, हे मात्र त्यातून कळत नाही. सिस्कोचे यंत्र फाइलमधील टिपा वाचून टाकून देते, त्या साठवत नाही, म्हणून डायल-पीअरखाली ‘डिस्क्रिप्शन’ ही एक ओळ लिहिण्याची जी मुभा आहे ती वापरणे हाच कारण नोंदवून ठेवण्याचा व्यवहार्य मार्ग उरतो. मोठ्या संस्थांत फाइल मध्यवर्ती सर्व्हरवर तयार होते आणि गेटवे सुरू होताना ती तेथून उतरवून घेतो. मग स्थानिक अभियंत्याने यंत्रावर केलेली दुरुस्ती पुढच्या उतरवणीत पुसली जाते, आणि एमजीसीपीवर चालणारा गेटवे मध्यवर्ती सर्व्हरला आपल्या नावानेच ओळखू येत असल्याने कोणी सहज म्हणून यंत्राचे नाव बदलले, तरी सारी शाखा मुकी होते.

ही उतरवणी बहुतेक वेळा टीएफटीपी या संहितेने होते. १९८१ मध्ये प्रथम प्रमाणित झालेली आणि १९९२ मध्ये सुधारलेली ही संहिता इतकी साधी ठेवली गेली, की तिच्यात पासवर्डची सोयच नाही. फाइलचे नाव ठाऊक असलेल्या कोणालाही ती मागता येते. शिवाय फाइलमधील पासवर्ड विस्कटलेले दिसले तरी ‘टाइप ७’ या प्रकारातले विस्कटणे क्षणात उलगडता येते आणि ते उलगडून देणारे छोटे प्रोग्रॅम कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहेत. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांच्या सायबरसुरक्षा यंत्रणांनी दिलेल्या संयुक्त इशाऱ्यात राउटरांच्या कॉन्फिगरेशन फाइली चोरल्या जात असल्याचा स्पष्ट उल्लेख होता. गेटवेची फाइल हाती लागणे म्हणजे दुसऱ्याच्या खर्चाने परदेशी कॉल लावण्याचा परवाना मिळणे होय, आणि असे कॉल शनिवारी रात्री सुरू होऊन सोमवारी सकाळपर्यंत चालतात. म्हणून फाइलची ने-आण एससीपीसारख्या सांकेतिक मार्गाने करणे आणि व्हेंडरला ती ईमेलने पाठवण्यापूर्वी तिच्यातील पासवर्डांच्या ओळी काढून टाकणे, एवढी काळजी तरी घेतलीच पाहिजे.

भारतात या फाइलला काही काळ कायदेशीर वजनही होते. एसटीडी-आयएसडीचे शुल्क चुकवण्यासाठी इंटरनेटवरचा किंवा खासगी जाळ्यावरचा आवाज सार्वजनिक टेलिफोन जाळ्यात मिसळण्यास, ज्याला टोल बायपास म्हणतात, मनाई असल्याने कॉल सेंटरांना दोन्ही प्रवाह वेगळे असल्याचे दाखवावे लागे, आणि ते वेगळेपण पुष्कळदा कॉन्फिगरेशनमधील नियमांनीच सिद्ध होई. सिस्कोने कॉल मॅनेजर या आपल्या सॉफ्टवेअरच्या ७.१ या आवृत्तीत खास त्यासाठी सोय केली होती. नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मधील नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी कॉल सेंटरांवरची ही बंधने बरीच सैल केली, तरी जुन्या गेटवेंच्या फाइलींत त्या काळातले नियम अजून बसून आहेत आणि ते कोणी कशासाठी लिहिले हे न कळल्याने त्यांना हात लावायला कोणी धजत नाही.

फाइल न बदलताही तिचा अर्थ बदलू शकतो, हे तर अनुभवी माणसांच्याही ध्यानात राहत नाही. सिस्कोने आयओएस या आपल्या प्रणालीच्या १५.१(२)टी या आवृत्तीपासून अनोळखी आयपी पत्त्यावरून आलेले कॉल नाकारण्याचे धोरण मुळातच चालू ठेवले. चोरट्या कॉलांना आळा घालण्यासाठी ते योग्यच होते, पण विश्वासू पत्त्यांची यादी न लिहिलेल्या जुन्या फाइलसह यंत्र नव्या आवृत्तीवर नेले, की आदल्या रात्रीपर्यंत येणारे कॉल सकाळी परत फिरू लागतात आणि फाइलच्या दोन प्रती ताडून पाहिल्या तर एका अक्षराचाही फरक सापडत नाही. अ‍ॅस्टेरिस्कच्या २१ व्या आवृत्तीतून एसआयपीचा जुना विभाग २०२३ मध्ये काढून टाकण्यात आला, तेव्हा वर्षानुवर्षे सांभाळलेली त्याची फाइल निरुपयोगी ठरली आणि तिचे नव्या मांडणीत रूपांतर करणे भाग पडले. म्हणून प्रत जतन करताना ती कोणत्या आवृत्तीवर चालत होती, ते फाइलच्या नावातच लिहून ठेवावे.

फाइलमध्ये न येणाऱ्या गोष्टीही आहेत. ध्वनिमुद्रित स्वागतसंदेश फ्लॅश स्मृतीत स्वतंत्र असतात, सांकेतिक संपर्काच्या खासगी किल्ल्या मजकुरात उतरत नाहीत, परवाने यंत्राच्या क्रमांकाशी बांधलेले असतात. हरवलेला पासवर्ड मोडण्यासाठी सिस्कोच्या यंत्रातील एक अंक २१०२ वरून २१४२ असा बदलतात, ज्यामुळे सुरू होताना स्टार्टअप कॉन्फिग वाचलीच जात नाही. काम झाल्यावर तो पूर्ववत करायला विसरले, तर फाइल जागेवर सुखरूप असूनही पुढच्या वेळी यंत्र कोरेच उठते.

ज्या संस्थेचे दूरध्वनी गेटवेवर चालतात, तिने देखभालीच्या करारात फाइल संस्थेच्या मालकीची असल्याचे आणि प्रत्येक बदलानंतर तिची प्रत कारणासह संस्थेकडे देण्याचे कलम घालून घ्यावे. वर्षातून एकदा, सुटीच्या दिवशी, ती प्रत राखीव यंत्रावर चढवून शहरातला, परगावचा, मोबाइलचा आणि आत येणारा असा एकेक कॉल करून पाहावा. ११२ ची तपासणी मात्र प्रत्यक्ष कॉल लावून करू नये. सिस्कोच्या गेटवेवर ‘शो डायलप्लॅन नंबर ११२’ ही आज्ञा दिली, की तो क्रमांक कोणत्या डायल-पीअरमध्ये बसतो हे कॉल न लावताच पडद्यावर दिसते.